झिरो वायरमन

गावात लहानूला सगळे वायरमन म्हणायचे आणि सरकारदरबारी तो कुणीच नव्हता. दिंडोरीकडच्या त्या चार गावांचा खरा वायरमन खंडेराव. पगार त्याचा, खाकी ड्रेस त्याचा, सही त्याची. खांबावर चढायचा मात्र लहानू, कारण खंडेरावला दोन हात वर गेलं की गरगरायचं. आठ वर्षं हा गडी खाली सायकल धरून उभा राहिला. लोक लहानूला कधी पायलीभर गहू द्यायचे, कधी मेथीच्या चार जुड्या. असल्या माणसाला तिकडं झिरो वायरमन म्हणतात. शून्य! जीव टांगणीला लावायचा आणि नाव काय, तर शून्य.

ब्याऐंशी साली वीज खात्यात मदतनिसांची भरती निघाली. आयटीआयचं सर्टिफिकेट नाहीतर वायरमनचा अनुभवाचा दाखला, एवढंच मागितलं होतं. लहानू तडक खंडेरावकडं गेला.

"अण्णा, दोन ओळी लिहून द्या. आठ वर्षं तुमच्या हाताखाली केलं म्हणून."

खंडेरावनं बशीतला चहा फुरका मारून संपवला. "येडा का खुळा तू? माझ्या जागी तू चढत होता, असं मीच लिहून देऊ? माझी नोकरी जाईल ना."

"मग माझं काय?"

"बघू पुढं."

बघू! आणि त्याच आठवड्यात ह्या महाभागानं साडूच्या पोराला, भिकनला, दाखला दिला. भिकननं उभ्या जन्मात शिडीला हात लावला नव्हता. कागदावर मात्र त्यानं दोन वर्षं खांबावर काम केलेलं होतं.

लहानू तरीही नाशिकला मुलाखतीला गेला. आवारातल्या खांबावर बाकीचे पट्टा बांधेपर्यंत हा वर जाऊन खाली आला. साहेब खूश झाले.

"कुठं शिकलास रे?"

लहानूनं खरं ते सांगितलं आणि तिथंच घोडं अडलं. साहेबांचा चेहरा पडला. "परवानगीशिवाय लाईनला हात लावणं गुन्हा आहे. दुसरीकडं बोलू नकोस हे," म्हणाले आणि त्याचा अर्ज बाजूला ठेवला. भिकन निम्म्या खांबावरून थरथरत खाली आला होता, पण त्याच्याकडं कागद होता. तो नोकरीला लागला आणि खंडेरावच्याच हाताखाली आला.

दोन महिन्यांनी, ऐन द्राक्षाला पाणी द्यायच्या दिवसांत, मळ्यातल्या डीपीचा, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला. मोटारी बंद. माणसं लहानूच्या दारात आली.

"त्यांच्या तोंडाला आग लागो!" त्याची आई नवसाबाई कडाडली. "ज्याला पगार हाय त्याला चढवा. माझा पोरगा नाय येणार."

लहानू घरात दात खात बसला. पण भिकन एकटाच डीपीवर चढतोय असं कुणीतरी म्हणालं, तसा तो पळत सुटला.

भिकन खांबाच्या दुसऱ्या पट्टीवर चढला होता आणि लाईन तोडायचं खालचं हँडल तसंच वर. लाईन चालू! लहानूनं त्याला तंगडी धरून खाली ओढलं आणि फाडकन मुस्काटात दिली.

"हँडल कोण पाडणार? तुझा बाप?"

भिकन रडायलाच लागला. "काका म्हणाले, लहानूभाऊ येईलच. तो पाडतो म्हणाले."

खंडेराव बाजूलाच सायकल धरून उभा होता. लहानूच्या अंगाची लाही लाही झाली. मरू दे सगळे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"लहानू, लवकर चढ बाबा," लोक ओरडले. "बाग सुकंल."

"मी नाय चढणार," लहानू म्हणाला. "भिकन, पाड हँडल. जोर लाव. आता वर बघ, स्विचची पाती सुटली का? सगळी सुटली? मग चढ."

तो खालून एकेक गोष्ट सांगत गेला. पाय कुठं ठेवायचा, पट्टा कुठं अडकवायचा, तार किती घट्ट पिळायची. आठ वर्षांत जिवावर बेतून जे हाती आलं होतं, ते सगळं शिव्या देत देत देऊन टाकलं. आवाज रागानं फाटत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण काय करतोय ते त्याला पुरतं कळत होतं.

मोटारी सुरू झाल्या. "शाब्बास!" खंडेराव भिकनला म्हणाला. "शिकलं गड्या पोरगं."

त्यानंतर फ्यूज उडाला की लोक भिकनकडं जायला लागले.