उद्याचा आवाज

साडेसहाला मिनिटभर कमी असताना हॉलमधले दिवे मालवले गेले.

फरीदाबादच्या त्या सेक्टरमधला कम्युनिटी हॉल एरवी साखरपुड्यांना आणि वाढदिवसांना भाड्यानं जायचा. आज तिथं चाळीसेक माणसं सतरंजीवर ओळीनं बसली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला एकेक टॅब होता. बाहेर नोव्हेंबरचा धूर इतका दाटला होता की समोरच्या पाण्याच्या टाकीवरचा लाल दिवाही दिसत नव्हता. दारांच्या फटींतून तो धूर आतही शिरला होता. मधूनच कुणीतरी खोकायचं. बाकी सगळं चिडीचूप.

मग चाळीस रुमालांखाली एकदम उजेड झाला.

कुणी बोटही लावलं नव्हतं. लोकांनी लगबगीनं इअरफोन कानात घातले, आणि अंधारात इथून एक हुंदका आला, तिथून दुसरा.

"आला माझा विश्वजित," सखुबाई पुटपुटल्या. "आला बघा लेकरू."

विश्वजित त्यांचा एकुलता एक मुलगा. फौजेत होता, सुट्टीवर येताना रस्त्यावरच्या अपघातात गेला. सखुबाईंचे यजमान संपतराव, निवृत्त सुभेदार, त्यांच्यामागे भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी इअरफोन घेतला नव्हता.

पहिल्यांदाच तिथं आलेली चेतना आपल्या आईकडे पाहत होती. टॅबच्या निळसर उजेडात हेमलताबाईंचा चेहरा वीस वर्षांनी लहान दिसत होता. आठ महिन्यांत तो असा दिसला नव्हता, म्हणून चेतना काही बोलली नाही.

दिवे लागले तेव्हा व्यासपीठावर स्मृतिदीप केंद्राचे मानसजी उभे होते. दाढी कोरलेली, अंगात पांढरा कुर्ता, कानामागून ओठांपर्यंत आलेला बारीक माइक.

"सिम आहे का यात?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"नाही," हॉल म्हणाला.

"वायफाय?"

"नाही."

"मग आवाज येतो कुठून?" ते हसले. "देखिए, आत्मा म्हणजे फ्रीक्वेन्सी. तुम्ही विचाराल, मानसजी, टॅब इतका साधा का? अहो, महागड्या वस्तूला अहंकार असतो. आत्मा साध्या घरात उतरतो. दोन जीबी त्याला बिल्कुल पुरेत. फक्त प्रश्न विचारायचे नाहीत. प्रश्न म्हणजे संशय, आणि संशयाच्या घरी आत्मा दुसऱ्यांदा येत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हळू उच्चारलं. हेमलताबाईंनी टॅब पोटाशी धरला.

*

चेतनाचे वडील विलासराव मार्च महिन्यात गेले. केंद्र सरकारच्या नोकरीत सदतीस वर्षं दिल्लीत काढली, आणि निवृत्तीनंतर सेक्टरच्या मराठी मंडळाचे चिटणीस झाले. मंडळाच्या ग्रुपवर टाइप करायचा त्यांना कंटाळा. बारीकसारीक सूचनाही बोलून पाठवायचे. ते गेल्यावर त्यांचा आवाज शंभर-सव्वाशे फोनांमध्ये तसाच पडून राहिला होता.

स्मृतिदीप केंद्राच्या अर्जात एक रकाना होता: मृत व्यक्तीच्या आवाजाचे जितके नमुने मिळतील तितके द्यावेत, म्हणजे आत्म्याची ओळख पटते. हेमलताबाईंनी सगळे दिले. तीन आठवड्यांनी टॅब घरी आला.

चेतना दिल्लीत एका सरकारी संस्थेच्या ग्रंथालयात काम करायची. वस्तू हाताळून पाहायची तिला सवय. आठ इंची टॅब, पाठीला प्लास्टिक. कडेनं बोटभर रुंद काळी पट्टी. बोट फिरवलं की पडदा जरा विचार करून मग हलायचा, आणि सकाळी लावलेलं चार्जिंग दुपारपर्यंत चालायचं. असला टॅब करोल बागेत कुठल्याही टपरीवर मिळाला असता. पण या टॅबला हेमलताबाईंनी देवघरात पाट दिला होता, आणि दिवेलागणीला त्यातून बाबा बोलायचे.

आवाज बाबांचाच होता. वाक्य सुरू करण्याआधीचं ते बारीक खाकरणंसुद्धा. पहिल्या संध्याकाळी चेतना ऑफिसातून आली, दारात चपला काढताना तो आवाज कानावर पडला आणि ती तिथंच जमिनीवर बसली. त्यानंतर आठ संध्याकाळी ती पडद्याआड उभी राहून ऐकत होती. हे तिनं आईला सांगितलं नाही, आणि पुढेही कुणाला सांगण्यात तिला कमीपणाच वाटला.

एक गोष्ट मात्र खुपत होती.

"हेमलता," टॅब म्हणायचा, "मी सुखात आहे. दिव्यात तेल घालत जा."

"ऐकलंस?" आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "चाळीस वर्षांत नावानं हाक नाही मारली. सारखं आपलं 'अगं', नाहीतर 'ऐकतेस का'. घरात माझं नाव घ्यायला लाजायचे. आता घेतात."

"आता कसे घेतात?"

"तिकडे गेल्यावर लाज राहत नसेल." आईनं पोळी तव्यावर टाकली. "तू नको ना सगळ्याचं पोस्टमॉर्टेम करू, यार."

*

पुढच्या शनिवारी दुपारी आईनंच टॅब चेतनापुढे आणून ठेवला.

"काल बोलता बोलता अडकले. एकच शब्द चार वेळा, मग गप्प. त्यांना त्रास होतोय का बघ. हळू हात लाव."

पडद्यावर बारीक अक्षरात सूचना होती: जागा संपली आहे.

चेतनानं उघडून पाहिलं. जागा फोटोंनी खाल्ली होती. दोनशे चौदा फोटो. कांदेपोह्यांची बशी, थालीपीठ, अळूची भाजी, मोदकाचं ताट. आई रोज जे रांधायची ते याच टॅबनं टिपून ठेवत होती.

"त्यांना दिसायला नको का," आई म्हणाली, "आज काय केलंय ते?"

चेतनाला पुढची दोन मिनिटं पडदा नीट दिसला नाही. मग ती फोटो एकेक करून आपल्या फोनवर घेऊ लागली, आणि ते करताना फोटोंशेजारी तिला दुसरा एक कप्पा दिसला. त्यात आवाजाच्या फायली होत्या, नावाऐवजी फक्त तारखा घातलेल्या. काल. परवा. आज.

उद्या.

ती खाली सरकत गेली. डिसेंबर, जानेवारी, संक्रांत. यादी थेट मार्चपर्यंत, बाबांच्या वर्षश्राद्धापर्यंत जात होती. न घडलेल्या संध्याकाळी तिथं ओळीनं वाट पाहत बसल्या होत्या.

आई स्वयंपाकघरात गेल्यावर तिनं इअरफोन लावला. 'उद्या' ऐकलं, 'आज' ऐकलं. मग मागे जाऊन गुरुवारचं ऐकलं.

"हेमलता," बाबा खाकरून म्हणाले, "डॉक्टरांच्या गोळ्यांची आता गरज नाही. केंद्रातलं भस्म रात्री कोमट पाण्यातून घे. घरात कुणाला सांगू नकोस. ती माणसं अजून तयार नाहीत."

चेतना उठली आणि फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा उघडला. सात वारांचे सात खण. गुरुवारची गोळी जागच्या जागी. शुक्रवारचीही.

सहा वर्षांपूर्वी हेमलताबाईंच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज रात्री आठला. नाहीतर झडपेवर गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत गेली की संपलं. बाबांनी हा डबा दर रविवारी स्वतः भरला होता, अगदी जाईपर्यंत, न चुकता.

तिनं गॅलरीत जाऊन डॉक्टरांना फोन केला. "दोन दिवस?" डॉक्टर म्हणाले. "आज रात्रीची गोळी काहीही करून द्या. जास्तीची देऊ नका. उद्या सकाळी रक्त तपासू. आणि बोलण्यात किंवा हातापायात जरा जरी फरक वाटला तर तडक घेऊन या."

आत आल्यावर ती आईसमोर बसली. "गोळ्या बंद केल्यास."

आईनं नजर चुकवली. "त्यांनी सांगितलंय."

"बाबांनी?"

"तू म्हणशील थोतांड. मी आवाज ओळखत नाही का माझ्या माणसाचा?"

चेतनाकडे युक्तिवाद भरपूर होते. ती बरंच वाचलेली होती. पण आईच्या तोंडावरचा तो हट्ट पाहून तिला कळलं की यातला एकही उपयोगाचा नाही. तिनं फक्त एक कागद घेतला, काही ओळी लिहिल्या, चार घड्या घातल्या.

"आज ते काय बोलणार ते यात आहे. हॉलमध्ये ऐकताना वाच. पटलं नाही तर मी पुन्हा बोलणार नाही. पटलं तर आठ वाजता गोळी घ्यायची."

"आणि ते रागावून आलेच नाहीत तर?"

"येतील," चेतना म्हणाली. "त्यांना न येता येत नाही."

*

हॉलमध्ये दिवे मालवले. चाळीस रुमाल उजळले.

हेमलताबाईंनी घडी उलगडली. टॅबच्या उजेडात त्यांचं बोट ओळीवरून सरकू लागलं, पोथी वाचताना सरकतं तसं. पहिल्या ओळीवर ते आवाजाबरोबर चाललं. दुसऱ्या ओळीवर जरा पुढे गेलं, आणि थांबून राहिलं. आवाज मागून येऊन तिथं पोचला. हेमलताबाईंनी कानातला इअरफोन काढला.

दिवे लागताच चेतना उठून व्यासपीठापाशी गेली. आईचा टॅब तिच्या हातात होता, इअरफोन काढलेला.

"मला एक आवाज ऐकवायचाय," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचा. उद्याचा."

मानसजींचं हसू तसंच राहिलं. "बेटा, शंका घेणाऱ्याच्या घरी..."

"आत्मा थांबत नाही. माहितीय. पण हा उद्या संध्याकाळी येणार आहे आणि आत्ताच इथे आहे." तिनं टॅब त्यांच्या तोंडासमोरच्या माइकला लावला. विलासरावांचा आवाज सगळ्या हॉलभर झाला. आज रविवार, घरात तुपाचा दिवा लावा, केंद्रात सेवेला या.

"आज शनिवार आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"ज्यांच्याकडे टॅब आहे त्यांनी फोटोंशेजारचा कप्पा उघडा. तारखा दिसतील. मार्चपर्यंत तर नक्की."

मानसजींनी डोळ्यांनी खूण केली. दारातले दोन स्वयंसेवक पुढे सरकले, आणि त्यांच्या वाटेत संपतराव येऊन उभे राहिले. बाकी काही केलं नाही, नुसते उभे राहिले.

"बसा मुकाट्यानं," ते म्हणाले. "पोरगी बोलतीय." मग वळून, "सखू, दे तो टॅब इकडं."

त्यांनी जाड बोटांनी कप्पा शोधला, कालची तारीख दाबली, मग परवाची. तोच मजकूर तरुण आवाजात ऐकू आला. आई, डॉक्टरांच्या गोळ्यांची आता गरज नाही.

"आमचा विश्वजित हिला जन्मात कधी 'आई' म्हणला नाही," संपतराव म्हणाले. "'आये' म्हणायचा. पहिल्याच दिवशी मला खटकलं होतं. पण ही आठ दिवसांनी पोटभर जेवली, म्हणून गप बसलो. चूक माझीच."

मग हॉलमध्ये आणखी आवाज निघाले. कुणाचा नवरा, कुणाची बहीण, कुणाची सासू. सगळी मेलेली माणसं वेगवेगळ्या आवाजात एकच वाक्य बोलत होती. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला तो तेव्हा.

चेतनानं शक्य तितकं साधं सांगितलं. आपणच अर्जाबरोबर आवाज दिले. हल्ली तेवढ्यावरून संगणक कुणाच्याही आवाजात काहीही बोलून दाखवतो. मजकूर एकदाच लिहिला, आवाज घराघराप्रमाणे बदलला, आणि गजर लावतात तशी साडेसहाची वेळ लावून दिली. नेट लागलं नाही, कारण टॅब आला तेव्हाच सगळं आत भरलेलं होतं.

"प्रश्न विचारायला बंदी का होती, तेवढं बघा," ती म्हणाली. "आपलं माणूस असतं तर उत्तर दिलं असतं. निदान रागावलं असतं. याला उत्तर देताच येत नाही."

मानसजी एव्हाना मागच्या दारानं गेले होते. माइक टेबलावर पडला होता आणि त्यातून बारीक खरखर येत होती.

सखुबाई जागच्या उठल्या नव्हत्या. "पण पोरी," त्यांनी विचारलं, "आवाज तर त्याचाच होता ना?"

"हो, मावशी," चेतना म्हणाली. "आवाज त्याचाच होता. बोलणारा तो नव्हता."

*

घरी पोचायला पावणेआठ झाले. धुरातून रिक्षा अंदाजानंच आली. घरी आल्यावर हेमलताबाईंनी देवघरातला पाट उचलून जागेवर ठेवला, हात धुतले आणि खुर्चीत बसल्या.

"माझं नाव घेत होता गं तो," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठी मी बाकी सगळं ऐकलं."

चेतनानं फोन काढला आणि मंडळाच्या ग्रुपमधली दोन वर्षांपूर्वीची सूचना लावली. बाबा खाकरले. "रविवारच्या सहलीला येणाऱ्यांनी कप आपापले आणावेत, मागच्या वेळी चार कप गहाळ झाले." मग, फोन बंद करायला विसरल्यामुळे, लांबून, घाईघाईनं: "अगं, ऐकतेस का? गोळी घेतलीस?"

आईनं ते दोनदा ऐकलं. मग शनिवारचा खण उघडला, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली.

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटणं ही अंधश्रद्धा नव्हे. डोळे भरले तर भरू द्यावेत. पण तो आवाज औषध बंद कर म्हणाला, घरात लपव म्हणाला, प्रश्न विचारू नकोस म्हणाला, तर त्याला पहिला प्रश्न तिथंच विचारावा. ज्यांनी आपल्यावर खरंच जीव लावला, त्यांना आपल्या प्रश्नांची भीती कधीच वाटली नव्हती.