चौकातला काळा-पांढरा फोटो

सकाळी सातला शेजारच्या सगुणाबाई डोळ्याला पदर लावून दारात आल्या, तेव्हा बद्रीनाथ सर अंगणात दात घासत होते. तोंडात फेस, अंगात बनियन. सगुणाबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं, "अगं बाई, हे तर हितंच हायेत!" म्हणाल्या आणि आल्या पावली परत गेल्या. पाठोपाठ वाटूरहून सरांच्या मेव्हण्याचा फोन आला. दाजींना कधी काढणार, असं तो विचारत होता. पुष्पाबाईंनी फोन नवऱ्यापुढे धरला. "घ्या, तुम्हीच सांगा त्याला."

मग उलगडा झाला. नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या चौकात रात्रीतून फ्लेक्स लागला होता. गोदातीर एफसी या फुटबॉल क्लबला दहा वर्षं पूर्ण. सगळे माजी कोच, सगळे माजी खेळाडू, झाडून सगळे रंगीत. फक्त वरच्या कोपऱ्यात बद्रीनाथ सर काळे-पांढरे, भोवती मोगऱ्याची माळ, खाली एक तेवती समई. असा फोटो पाहिल्यावर चौकातला माणूस मजकूर वाचत नाही, सरळ चपला घालून निघतो.

यात चूक थोडी कल्याणची होती आणि बरीचशी सरांची. फ्लेक्सवाला कल्याण हा गोदातीर चाहते मंडळाचा अध्यक्ष. गेल्या रविवारी त्याच्याच दुकानात फ्लेक्ससाठी बैठक झाली आणि जुने अल्बम हवेत म्हणून सरांना बोलावलं होतं. फक्त अल्बमसाठी. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि मंडळानं सगळ्या माजी लोकांची हजामत सुरू केली.

"तो गोव्याचा कोच हाफटाइमला झोपायचा," बियाण्याच्या कंपनीतला राधेश्याम म्हणाला. "अन् गोलकीपर माऊली! त्याच्या दोन पायांतून मालगाडी गेली असती."

"तरी त्याला घ्यावं लागंल. गाववाला हाय," कल्याण म्हणाला.

"घ्या. पण ह्यांचा फोटो कशाला?" राधेश्यामनं सरांकडे नुसती हनुवटी उडवली. "आपण फायनल हरलो ह्यांच्यामुळं. मुजाहिदसारखा पोरगा सत्तराव्या मिनिटाला बाहेर बसवला. पेनल्टी मारायला होतं कोण मंग?"

"त्याचा पाय दुखत होता," सर म्हणाले.

आठ वर्षं ते हेच सांगत आले होते. आणि आठ वर्षं ते खोटं होतं. मुजाहिदचा पाय ठणठणीत होता. त्यानं त्या दिवशी मैदानावर, अख्ख्या संघासमोर, "सर, तुम्हाला खेळ कळून न्हाई राह्यला," असं तोंडावर म्हटलं आणि सरांच्या डोक्यात तिडीक गेली. एवढंच. पण पायाची गोष्ट पेपरात छापून आली. दुसरे क्लब 'अधू पोरगा' म्हणून त्याला घेईनात, आणि तेविसाव्या वर्षी त्याचा फुटबॉल संपला. आता जुन्या जालन्यात तो कूलर दुरुस्त करतो. सर ज्या रस्त्यानं येतात तो रस्ता सोडून चालतो. त्यानं एकदा आपल्याशी बोलावं, एवढी एकच गोष्ट सरांना हवी होती. आणि त्यासाठी जे तोंडातून काढायला हवं होतं, ते निघत नव्हतं.

शेवटी कल्याण म्हणाला, पहिला कोच म्हणून घेऊन टाकू कोपऱ्यात, फोटो पाठवा. आता सरांनी रंगीत पाठवावा की नाही? पण रंगीत फोटोंत टक्कल. म्हणून त्यांनी कॉलेजच्या टीममधला पाठवला, कपाळावर केसांचा कोंबडा असतानाचा, काळा-पांढरा. कल्याणनं आजवर हजारो फ्लेक्स छापले आहेत. काळा-पांढरा फोटो दिसला की त्याचा हात आपोआप समईकडे जातो. तसा तो गेला.

दहाच्या सुमारास फाटक वाजलं. मुजाहिद आत आला. डोक्यावर टोपी, धुतलेला शर्ट. सर चहा पीत होते.

मुजाहिद पायरीवरच थांबला. "तुम्ही जिंदा हायेत?"

"फ्लेक्सवाल्याची चूक झाली रे. ये, बस."

"बसायला न्हाई आलो." त्याचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला. "अम्मी म्हणली, गेलेल्या माणसावर राग ठेवू नको. म्हणून दुकान बंद करून आल्तो. वाटेत सगळं माफ करून टाकल्तं."

"मंग आता?"

"आता वापस घेतलं."

पुष्पाबाई पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. सरांनी कप खाली ठेवला. आठ वर्षांत पोरगा पहिल्यांदा बोलला होता आणि फाटकाकडे वळलाही होता.

"मुजाहिद, तुझा पाय बरा होता."

"मला काय सांगून राह्यले?" तो ओरडलाच. "पाय माझा हाय! मला म्हाईत न्हाई का? तिथं चौकात सांगा, ज्यांना तुम्ही अधू म्हणून सांगितलं!"

सरांनी खुंटीवरचा शर्ट घेतला.

चौकात फ्लेक्सच्या मागच्या बाजूला चहाची टपरी आहे. मंडळ तिथंच जमलं होतं, सर जिवंत असल्याचं अजून त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि राधेश्यामचा आवाज भरून आला होता. "काहीही म्हणा, सरांसारखा कोच पुन्हा न्हाई झाला. शिस्तीचा माणूस. मुजाहिदला बाहेर बसवला तो बी त्याच्या पायाची काळजी म्हणून. आपण उगं बोललो त्यांना."

फ्लेक्सआड उभे राहून सर ते ऐकत होते. खोटं का असेना, किती गोड लागत होतं! इथून गुपचूप परतावं, असं त्यांना मनापासून वाटलं. मागे मुजाहिद हाताची घडी घालून उभा होता. सर पुढे झाले.

"अरे सर!" कल्याणच्या हातातला ग्लासच पडला. राधेश्याम तर मिठी मारायला धावला.

"थांब," सर म्हणाले. "ह्याचा पाय दुखत नव्हता. ह्यानं मला उलट उत्तर दिल्तं म्हणून मी ह्याला बाहेर काढला. पायाचं मी रचलं."

मग राधेश्यामनं पसरलेले हात खाली घेतले, आणि जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. पोराचं वाटोळं केलं, क्लबचं केलं, लाज न्हाई वाटली का, टक्कल घेऊन हिंडून राह्यला, असं सगळं. सर मान खाली घालून ऐकत राहिले. एकही शब्द खोटा नव्हता.

"कल्याण, शिडी आण," राधेश्याम किंचाळला. "ह्याचा फोटो काप तिथून!"

कल्याणनं शिडी लावली, कटर घेऊन दोन पायऱ्या चढलाही.

"राहू दे," मुजाहिद म्हणाला. इतक्या वेळात तो पहिल्यांदा बोलला. "फुलांसगट राहू दे. माझ्यासाठी बराबर हाय."

कल्याण शिडीवरून उतरला. मुजाहिद फ्लेक्ससमोर गेला, वर पाहिलं आणि कोपऱ्यातल्या फोटोला कपाळाशी हात नेऊन सलाम केला. मग सरांच्या अगदी अंगाजवळून, त्यांच्याकडे न बघता, तो दुकान उघडायला निघून गेला.