आतली कडी

म्हातारपणी माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणी मुलाचं घर मिरवतं, कुणी शाबूत राहिलेले दात मिरवतं. कुलूपवाले आजोबा आपलं ब्लडप्रेशर मिरवायचे. वरचा आकडा किती, खालचा किती, मागच्या महिन्यात किती होता, हे समोरच्याने विचारायची ते वाटच पाहत नसत. आणि मिरवण्यासारखं होतंही. मागच्या वर्षी हे दोन्ही आकडे असे चढले होते की आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने त्यांना खुर्चीवरून उठू दिलं नव्हतं. आता ते खाली आले होते, आणि गोळी होती तीच होती.

उपाय अगदी साधा. केंद्राच्या भिंतीवर एक फलक होता, ताण कमी करण्याच्या सोप्या उपायांचा. रोज चाला, सावकाश श्वास घ्या, हाताला काम द्या, आवडीची गाणी ऐका, मनातलं कुणाशी तरी बोला. आजोबांनी चालणं उचललं. रोज संध्याकाळी काठी घेऊन नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. काठीशिवाय त्यांना उंबरठाही ओलांडता येत नसे, पण काठी हातात आली की गडी कुणाला ऐकायचा नाही. उरलेले उपाय त्यांनी सूनबाईंना वाटून टाकले. त्याही संध्याकाळी बादली घेऊन गच्चीवर जाऊ लागल्या. कानात गाणी लावायची आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. टॉवेलाची सुद्धा अशी घडी घालायच्या की दुकानदाराने लाजावं. त्यांची डोकेदुखी थांबली होती. सासरा आणि सून भेटेल त्याला सांगायचे की पैसा लागत नाही, औषध लागत नाही, फक्त नियम हवा.

नियमाची वेळ मात्र फलकावर लिहिलेली नव्हती, ती या दोघांनी आपली आपण ठरवली होती. आजोबांचा मुलगा पार्सलच्या गोदामात सुपरवायझर होता. सुटला की तो घरी फोन करून 'निघालो' एवढंच म्हणायचा. फोन ठेवला की आजोबा चपला शोधायला लागायचे आणि सूनबाई बादली उचलायच्या. हा निव्वळ योगायोग आहे असं दोघंही धरून चालले होते. धरून चालायला काय जातं?

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कधी हात उचलला नाही, कधी पिऊन आला नाही. पण गोदामात वरचे साहेब त्याला बोलायचे आणि खालची माणसं त्याचं ऐकायची नाहीत, आणि ते सगळं तो दिवसभर गिळून घरी आणायचा. मग चपला वाटेत का, दिवा कशाला जळतोय, घर आहे की धर्मशाळा, या घरात माझी किंमत कुणाला आहे का, असं सुरू व्हायचं ते आवाज बसेपर्यंत. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. नंतर तोच गप्प बसून जेवायचा आणि झोपताना सगळ्यांची पांघरुणं सारखी करायचा.

आता कडीचं सांगायला हवं. आजोबांचा सगळा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला होता आणि त्यामुळेच कुलपावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुलूप सज्जनांसाठी असतं, चोरासाठी कडीच हवी, असं ते म्हणायचे. घराच्या दाराला आतून त्यांनी स्वतःच्या हाताने एक जाडजूड पितळी कडी बसवली होती, आणि दिवस असो रात्र असो, ती लागलेली पाहिजे हा त्यांचा हुकूम होता. जो बाहेर जाईल त्याच्या मागे उरलेल्याने कडी लावायची. मुलाच्या खिशात किल्ली होती, पण ती नुसती नावाला. आतून कुणी कडी काढल्याशिवाय त्याला घरात येता यायचं नाही.

या सगळ्यात आजोबांच्या जिवाला एकच घोर होता, तो म्हणजे नातीचा. जन्मली तेव्हा गुटगुटीत होती म्हणून तिला ढबू म्हणायचे. आता ते नाव ऐकून परक्याला हसू आलं असतं, इतकी तिची मान बारीक झाली होती. तिचं पोट दुखायचं. खाण्यात काही नाही, जंत नाहीत, रक्त तपासलं तर तेही चांगलं. तरी दुखायचंच, आणि मग ताट तसंच राहायचं. डॉक्टर म्हणाले होते की अजून महिनाभर पाहू, नाहीतर मोठ्या दवाखान्यात भरती करून पोटात नळी घालून तपासावं लागेल. नळी हा शब्द ऐकल्यापासून आजोबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ते तिला गोष्टी सांगायचे, पोटावर तेल चोळायचे, आणि हिला कसला त्रास असेल म्हणून सगळ्यांना विचारत सुटायचे.

एका रविवारी सकाळी केंद्रात आजोबांना बोलावणं आलं. सिस्टरने ब्लडप्रेशरवाल्यांना जमवलं होतं आणि ताण कसा घालवला ते आजोबांनी आपल्या तोंडाने सांगावं असं तिचं म्हणणं होतं. आजोबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ढबूलाही बरोबर घेतलं. चार चांगल्या गोष्टी तिच्याही कानावर पडतील, हा हेतू.

ते बोललेही झकास. कुलूप गंजलं की लोक हातोडा मारतात, खरं तर त्याला तेलाचा थेंब हवा असतो, माणसाचंही तसंच आहे, असं म्हणाले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नदीपर्यंतचं चालणं सांगितलं, सुनेच्या घड्या सांगितल्या, आमच्या घरात आता कुणाला ताण म्हणून नाही असंही सांगून टाकलं. ढबू पहिल्या बाकावर पाय हलवत बसली होती. सिस्टरला वाटलं, पोरीलाही बोलतं करावं. आजोबा फिरायला जातात, आई गच्चीवर जाते, मग तू काय करतेस, असं तिने कौतुकाने विचारलं.

"मी दार उघडते," ढबू म्हणाली.

लोक हसले. आजोबाही हसले. सिस्टर मात्र तिच्याजवळ जाऊन बसली आणि दार उघडते म्हणजे काय, असं तिने हळू आवाजात विचारलं.

"बाबा येतात तेव्हा घरात दुसरं कुणी नसतं ना. आणि आतून कडी असते. मग मी उघडते." ढबूने जरा विचार केला. "मग ते बोलतात आणि मी ऐकते. त्यांचं बोलून झालं की आई खाली येते. मग आजोबा येतात." तिने भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. "तिथे लिहिलंय तसंच. मनातलं कुणाशी तरी बोला. बाबा माझ्याशी बोलतात."

आणि बरोबर सांगितलं ना, अशा नजरेने तिने आजोबांकडे पाहिलं.

आजोबांनी नजर खाली घातली. त्यांना त्या खोलीतून निघून जायचं होतं म्हणून ते काठी शोधू लागले, आणि काठी त्यांच्या हातातच होती. लाजेने त्यांचे कान तापले होते. नेहमीसारखं प्रेशर बघायला सिस्टरने पट्टा आणला तेव्हा त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली आणि आज नको म्हणाले. तिनेही आग्रह केला नाही. तिचं ते आग्रह न करणं त्यांना जास्त लागलं.

परत येताना त्यांनी ढबूला विचारलं की पोट नेमकं कधी दुखतं. वर्षभर सगळ्या जगाला विचारत होते, तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. फोन वाजला की दुखायला लागतं, असं तिने सांगितलं. मग त्यांचा चेहरा पाहून तिनेच समजूत घातली, की फार नाही दुखत, तुम्ही घरी आलात की थांबतं.

माणूस शरमला की लगेच सुधारतो, असं ज्यांना वाटतं त्यांना माणसं माहीत नाहीत. आजोबांनी सोमवारी दुपारी पेटीतून पेचकस काढला आणि दाराची कडीच उखडून ठेवली. कडी नाही म्हणजे मुलगा किल्लीने आत येईल, पोरीला दार उघडायला नको, आणि आपलं फिरणंही चुकायला नको. हिशोब चोख होता. संध्याकाळी फोन आला तसे ते काठी घेऊन जिना उतरले.

नदीकडे मात्र ते गेले नाहीत. खरं तर नदी त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलीच नव्हती. कोपऱ्यापर्यंत जायचं, मुलगा वर गेला की परत फिरायचं, आणि फाटकाशी उभं राहून वरचा आवाज थांबायची वाट पाहायची, असं त्यांचं फिरणं झालं होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. त्या दिवशीही ते तिथेच उभे राहिले. वर किल्ली फिरलेली ऐकू आली. दार उघडलं. मग मुलाचा आवाज आला, की या घरात माणसं राहतात की नाही, दमून आलेल्याला साधं पाणी विचारायला कुणी नाही. आणि मग त्याने ढबूला हाक मारली. तिची पळती पावलं आजोबांना खालपर्यंत ऐकू आली.

जिना चार पावलांवर होता. ते चढले नाहीत. आवाज थांबल्यावर, नेहमीसारखे, घाम पुसत वर गेले. ढबूने त्यांच्या हातातून काठी घेतली आणि कोपऱ्यात उभी केली. तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली.

सूनबाई स्वयंपाकघरात होत्या. केंद्रात पोरगी काय म्हणाली ते आजोबांनी त्यांना सांगितलं. त्यांना वाटलं, ही रडेल, निदान दचकेल. सूनबाईंनी घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घालायला घेतली.

"मला माहीत होतं, बाबा," त्या म्हणाल्या. "समोर मी असले की यांचं लांबत जातं. ती असली की लवकर थांबतात. म्हणून मी..." त्यांनी टॉवेलाच्या कडा पुन्हा जुळवल्या. आजोबांना त्यांना बोल लावता आला नाही. कोणत्या तोंडाने लावणार होते?

मंगळवारी सकाळी त्यांनी कडी पुन्हा बसवली. तिला तेल दिलं, दोनदा सरकवून पाहिली. संध्याकाळी फोन आला. सूनबाई बादली उचलून दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि बादली खाली ठेवून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. आजोबा दाराजवळच्या स्टुलावर बसले. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं त्याची आपल्याला भीती वाटते, ही गोष्ट कबूल करायला त्यांना हे स्टूल लागलं.

बेल वाजली आणि आजोबांचे पाय उठेनात. आतून ढबू आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसरा हात पोटावर.

"तुम्ही बसा, आजोबा," ती म्हणाली. "तुमचं प्रेशर वाढेल."

टोमणा नव्हता. पोरीला खरोखरच काळजी होती.

"वाढू दे," म्हणून आजोबांनी तिच्या हातातून पेला काढून घेतला. काठी न घेता, भिंतीला धरून ते उठले आणि त्यांनी कडी काढली.

मुलगा एक बूट काढून उभा होता. वाक्य तोंडाशी तयार होतं, त्याचे ओठही हलले होते. समोर वडील दिसले आणि ते वाक्य तिथेच राहिलं. तुम्ही फिरायला नाही गेलात, असं त्याने विचारलं. नाही गेलो, आजोबा म्हणाले, पाणी घे, आणि गोदामात आज काय झालं ते मला सांग. मुलगा पाणी प्यायला. काही नाही, रोजचंच, असं पुटपुटला. मग खाली वाकून त्याने दुसराही बूट काढला, दोन्ही उचलले, जागेवर नेऊन ठेवले, आणि तो हात धुवायला गेला.

एवढंच. ज्या वादळाला भिऊन दोन मोठी माणसं वर्षभर घराबाहेर पळत होती, ते एवढंच होतं. एका मोठ्या माणसाने दारात उभं राहायचं, इतकं साधं काम होतं, आणि ते त्यांनी पोरीवर टाकलं होतं. आजोबांना जराही हलकं वाटलं नाही. वादळ मोठं निघालं असतं तर निदान भ्यायलो हे तरी पटलं असतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. ढबू अजून तिथेच होती. संपलं का, असं तिने खुणेनेच विचारलं. त्यांनी मान डोलावली. ती जवळ आली आणि कानाशी लागून म्हणाली, "उद्या कोण उघडणार?"

"मी. रोज मीच उघडणार."

ढबूने मान हलवली. मोठ्यांचा मान राखायला मुलं हलवतात तशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा आजोबा स्टूल दाराजवळ ओढत होते. त्यांची पाठ आहे असं पाहून ढबू पावलं न वाजवता कोपऱ्यापाशी गेली, तिथली काठी उचलली आणि पलंगाखाली पार आतवर सरकवून ठेवली. समोरच्या आरशात आजोबांना ते दिसलं. ते कडीवर हात ठेवून बसून राहिले.