त्रेपन्नाव्या पानातला खडा

“सगळ्या ताटात एकदम बघू नकोस गं. अर्धं बाजूला सार. या अर्ध्यात खडा नसला तर त्या अर्ध्यात असणार, जातोय कुठे!”

आत्याचा हा आवाज मला दुपारी अडीचला ऐकू आला, तोही संगणकासमोर. आत्याला जाऊन बारा वर्षं झाली. शेवटी शेवटी तिला नीट दिसत नव्हतं, तरी धान्य तीच निवडायची, आणि तिने निवडलेल्या धान्यातला खडा कधी कुणाच्या दाताखाली आला नाही.

मी वृद्धाश्रमाच्या कार्यालयात कारकून आहे. आमची चौसष्ट माणसं दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुलापलीकडच्या नव्या इमारतीत जायची होती. उचलायला तिथल्याच परिचारिका येणार, म्हणजे सगळीच अनोळखी. म्हणून दोन महिने रोज एक, असं प्रत्येकाचं पान मी तयार केलं होतं. औषधं, सवयी, कशाला घाबरतात, काय म्हणून हाक मारली की हसतात. ती पानं घेऊन व्यवस्थापक पाच वाजता गाडीने पलीकडे जाणार होते.

आणि नेमका त्या दिवशी प्रोग्राम रुसला. छापायला सांगितलं की पडदा पांढुरका पडायचा, ‘काम थांबले आहे’ अशी पाटी यायची आणि सगळं गुडूप. सकाळपासून सात वेळा.

संगणक दुरुस्त करणाऱ्याला आम्ही चालू-बंद म्हणतो. त्याला फोन केला.

“बंद करून चालू केलंत का?”

“तीनदा.”

“मग चौथ्यांदा करून बघा. मी सोमवारी येतो.”

व्यवस्थापक दारात उभे राहून ऐकत होते. “बाई, तुमची तर थेट वर ओळख. घाला की एक शब्द या डब्यासाठी.”

“देवाला असल्या कामाला नाही लावत मी,” मी म्हटलं. माझा आवाज मुळात लहान. माझी तक्रारसुद्धा अर्जासारखी वाटते, असं मोठ्या सिस्टर म्हणतात.

“मग हाताने लिहून द्या म्हटलं असतं, पण हाताने लिहिलेलं औषधाचं पान तिकडे घेत नाहीत. वाचताना चूक होते म्हणे. जेवढी निघतील तेवढी द्या. पाचला मी निघणार.”

जेवढी निघतील तेवढी! माझ्या डोळ्यांपुढे शिंपीकाका आले. त्यांचा उजवा कान पार गेलेला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. इस्पितळात कुणी तरी उजवीकडून न बोलता हात लावला, ते दचकून पलंगावरून पडले आणि खुबा मोडला. परत आल्यापासून मला रोज विचारायचे, “पोरी, तिकडच्यांना माहीत असेल ना?” आणि मी रोज म्हणायचे, “उजवीकडून कुणी हात लावणार नाही काका. मी शब्द देते.” पन्नाशीच्या बाईला पोरी म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलंय.

खुर्ची पुढे ओढली. संगणकातलं मला काही कळत नाही, पण धान्य निवडता येतं.

छापायच्या चौकटीत कुठून कुठपर्यंत हे लिहायची जागा असते. एक ते बत्तीस लिहिलं. छपाईयंत्र खाकरलं आणि पानं येऊ लागली. बत्तीस! तेहतीस ते चौसष्ट लिहिलं, तर गुडूप. म्हणजे खडा या अर्ध्यात. पुन्हा उघडायला पाच मिनिटं. तेहतीस ते अठ्ठेचाळीस, आली. एकोणपन्नास ते छप्पन्न, गुडूप. एकोणपन्नास ते बावन्न, आली. दर वेळी पाटी यायची आणि दर वेळी मी तिला “बरं” म्हणायचे. साडेचारला चोपन्न ते चौसष्टसुद्धा निघाली. बाकी उरलं एकच. त्रेपन्न.

शिंपीकाकांचं पान.

पडद्यावर त्यात काही वावगं दिसेना. औषधं, उजवा कान, ‘कपड्याला हात लावून भाव सांगतात, सांगू द्यावा.’ बाकीच्यांसारखंच पान. खाली कोरी जागा.

आणि कोऱ्या जागेकडे बघता बघता माझे कान तापले. ती कोरी नव्हती.

रोज कामाआधी एकशे आठ वेळा नाम लिहायचा माझा नेम आहे. ही पानं सुरू केली तेव्हा मनात आलं, वहीत लिहिण्यापेक्षा ज्याच्या त्याच्या पानावर लिहावं. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी एक छोटा चौकोन काढला आणि त्यात पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरांत नाम टाइप केलं. कागदावर दिसत नाही, कुणाला अडचण नाही. मात्र शिंपीकाका खुबा मोडून आले त्या दिवशी मी मनाशी बोलले होते, यांच्यासाठी लाख करीन. लाख टाइप कधी व्हायचं? चालू-बंदने एकदा कॉपी-पेस्ट शिकवलं होतं. एकाचे दोन केले, दोनाचे चार, चाराचे आठ. सतरा वेळा दुप्पट केलं तर लाखाच्या वर गेलं! दहा मिनिटांत! चौकोन तेवढाच राहिला, वरून काही कळलं नाही. मी हात जोडले आणि घरी गेले.

नाम लिहायचं असतं, चिकटवायचं नसतं. त्या प्रोग्रामला सव्वा लाखावर नामं गिळवेनात यात त्याचा काय दोष?

चौकोनाच्या कडेवर टिचकी मारून पुसायची कळ दाबली. पडदा पांढुरका पडला. मी हलले नाही. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

“बाई, निघतो मी! किती झाली?”

“त्रेसष्ट. दोन मिनिटं थांबता?”

“एका पानाने काय बिघडतंय? उद्या देऊ. पूल रात्रीपुरता बंद व्हायच्या आत गाडी न्यायची आहे.”

“उद्या पहाटेच उचलतील त्यांना.” हे मी बोलले तोवर गठ्ठा उचलून ते गेलेही होते.

पाच वाजून नऊ मिनिटांनी पडदा उजळला. चौकोन गेला होता. छापायला सांगितलं. यंत्र खाकरलं आणि त्रेपन्नावं पान गरम गरम माझ्या हातात आलं.

मोठ्या सिस्टर आत डोकावल्या. “निघालं? काय होतं हो?”

खोटं बोलायचं नाही, हाही नेमच. “माझी लबाडी,” मी म्हटलं.

“तुमची? लबाडी?” त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पान घेऊन शिंपीकाकांकडे गेले. डावीकडून, आधी हाक मारून. पान त्यांच्या डाव्या कानाशी वाचून दाखवलं. त्यांनी कागद बोटांत धरून चाचपला.

“जाडसर आहे. टिकेल. पण तो गाडीवाला तर गेला ना?”

“गेला. माझे पाय आहेत.”

“खांदा उतरलाय तुझा,” ते म्हणाले. “सरळ चाल.”

दारापाशी मी थांबले. पानाच्या तळाशी, आता खरोखर कोऱ्या झालेल्या जागेत, पेन्सिलीने नाम लिहिलं. एकदाच, सावकाश. लाखातलं पहिलं. मग पान पिशवीत सपाट ठेवलं, पूल गाड्यांना बंद झाला तरी माणसांना उघडा असतो हे आठवलं, आणि खांदा सरळ करून चालू लागले.