मानाचा बार

नामपूरजवळच्या त्या गावात दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी तोड्याच्या बंदुकीचा बार उडतो. मान वाल्मीकच्या घराचा. त्यांचा कोणी पूर्वज किल्ल्याच्या तटावर हीच बंदूक घेऊन उभा असायचा म्हणतात. रीत अशी, की थोरल्या भावाने दारू ठासायची आणि धाकट्याने तोडा, म्हणजे पेटती वात, लावायचा. बार उडाला नाही, तर मान दुसऱ्या घरात जातो.

यंदा पंचाईत झाली. वाल्मीकचा थोरला भाऊ चिमाजी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून रुसला होता. "त्या बंदुकीले मी हात लावाव नही," अशी चारचौघांत शपथ घेऊन बसला. अखेर वाल्मीकने आदल्या दिवशी गुपचूप स्वतःच ठासून देवघरात ठेवली.

आता पारासमोर गाव जमलेलं. शेजारी बायको मैना पूजेचा कलश घेऊन उभी. वाल्मीकने पेटता तोडा टेकवला. नळीबाहेरची, कानावरची दारू भुर्रकन पेटली, धूर झाला, बार काही उडाला नाही. लोक हसले. थोडं थांबून त्याने नळीत ठासायचा गज घातला, तर तो नेहमीपेक्षा वीतभर वरच अडला. नळीत दोन बार होते! सकाळी पाया पडायला म्हणून चिमाजी एकटाच देवघरात जाऊन आला होता.

"लाव ना भो परत! घाबरना का?" लोक ओरडायला लागले.

लावला तर नळी तोंडावर फुटणार. नाही लावला तर भित्रा ठरणार, वर पिढ्यांचा मान जाणार. तटावरच्या त्या पूर्वजाचं बरं होतं. बार फुकट गेला, की दुसरा ठासेपर्यंत घोडेस्वार अंगावर येणार हे त्याला ठाऊक असायचं, मग तो सरळ तलवार उपसायचा. वाल्मीकने काय उपसायचं? त्याची सुटका फक्त चिमाजीच्या एका शब्दात होती.

"भाऊ, काल मी ठासी व्हती. तू बी ठासेल शे का?"

चिमाजीचा चेहरा उतरला. हो म्हटलं तर शपथ खोटी पडत होती.

"नही," तो म्हणाला. आणि मोबाईलवर शूटिंग करत पुढे आलेल्या आपल्या लेकीला, स्नेहलला, दंडाला धरून त्याने पारामागे ओढलं.

मैना होती तिथेच उभी होती, बंदुकीला लागून.

वाल्मीकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिच्या हातातला कलश घेतला आणि सगळं पाणी नळीत ओतलं.

"मान गमाडा रे तू!" चिमाजी ओरडला.

"गया ते जाऊ दे," वाल्मीक म्हणाला. "तुन्ही पोरले तू वढी लिधं. मैनाले का बरं नही?"