चार बोटे कमी

झाकण फिरवताच बरणीतून ‘फस्स’ असा आवाज झाला आणि निरुपमाचा हात तिथेच थांबला.

मागोमाग वास आला. तिने बरणी लांब धरली, पुन्हा नाकाशी आणली. आंबूस, गोडसर, घशाच्या मागे चढणारा वास. लहानपणी ती दार उघडायला जायची, तेव्हा बाबांच्या आधी हाच घरात शिरायचा.

तीन लिटरची स्टीलची बरणी. आत काळ्या मनुकांचा रस. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये मराठी उपासनेला प्रभुभोजन असे आणि त्यासाठीचा रस बाबा, म्हणजे विश्वंभर साळवी, वीस वर्षे घरी करत आले होते. कंपनीत बॉयलरवर आयुष्य गेले, ती शिस्त हातात उरली होती. मनुका रात्रभर भिजवायच्या, मंद आचेवर तीन उकळ्या काढायच्या, धुतलेल्या फडक्यातून गाळायचे आणि बरणी गळ्याच्या रेघेपर्यंत भरायची. रेघेच्या वर नाही, खाली नाही. चाखत मात्र नसत. “चाखायचं काम तुझं,” म्हणून चमचा निरुपमापुढे करत. स्वतः ओठाला लावायचे ते रविवारी, सगळ्या मंडळीबरोबर, टोपणाएवढ्या प्याल्यातून.

आता रस रेघेच्या चार बोटे खाली होता.

तिने झाकण लावले. गॅलरीत गेली, परत आली. कुकर काढला, तांदूळ न घालताच झाकण लावले, मग काढून ठेवले. मे महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे नऊ, आणि ओट्याची फरशी आत्ताच कोमट झाली होती.

या वेळी बाबांनी रस आठवडाभर आधी केला होता. सोमवारी छातीचे फोटो काढायला जायचे होते, म्हणून शनिवारीच हातावेगळा केला. त्या शनिवारी ती पादरा गावी होती, शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकांची मोजदाद चालली होती. चमचा पुढे करायला घरी कोणी नव्हते. मंगळवारी सकाळी बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. बुधवारी माती झाली. माणसे आली, दुधाच्या पिशव्या आल्या, डबे आले. फ्रीजमधली बरणी ओट्याखाली कोणी ठेवली, हे तिने आज सकाळपासून तिघींना फोन करून विचारले होते. कोणालाच आठवत नव्हते. बाबांनी स्वतःच ठेवली होती का, हे विचारायला कोणी नव्हते.

मातीला आलेल्या प्रत्येकाने तिचा हात धरून एकच वाक्य म्हटले होते. तेवीस वर्षं, निरू, एक थेंब नाही. त्या वाक्याला धरून तिने पाच दिवस काढले होते.

फोन वाजला. पाळकसाहेब होते, शुभंकर. तिच्याहून दोन वर्षांनी लहान.

“सलाम ताई. रस आणताय ना? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, काकांच्या हातचा शेवटचा म्हणून. आणि प्याल्यांचा ट्रे कुणालकडे दिलाय. काकांना बरं वाटलं असतं.”

“हो,” ती म्हणाली. “आणते.”

फोन ठेवल्यावर तिला आपल्या ‘हो’चा राग आला. पण कळणार कोणाला? टोपणभर तर रस. जरा आंबट लागला, उन्हाळा आहे, म्हणतील. कितीतरी चर्चमध्ये खरा द्राक्षारसच देतात. आणि सांगायचे तरी काय? की विश्वंभर साळवींच्या घरात आंबलेला रस निघाला, तोही चार बोटे कमी?

तिने उभ्यानेच प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली आणि मधेच अडली. ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ हे वाक्य आले की बाबा थांबत. मंडळी पुढे जाई, आणि मग एक श्वास मागून ते एकटेच ते वाक्य म्हणत. लहानपणी तिला लाज वाटे. आता ती थांबली, पण मागून कोणी म्हटले नाही.

खाली हॉर्न वाजला. कुणाल आला होता. निघताना तिने कपाटातला मनुकांचा डबा पिशवीत टाकला. कशाला, हे तिने स्वतःलाही विचारले नाही.

कुणाल शाळेच्या मुलांची व्हॅन चालवी. वय बेचाळीस, दारू सोडून सात महिने. हे सात महिने बाबा रोज संध्याकाळी सातला त्याच्या दारात जाऊन उभे राहत. चोरून दारूची पोटली आणायला माणसे बाहेर पडतात, ती ही वेळ. दोघे अकोट्याच्या पुलावरून दांडिया बाजारच्या टोकापर्यंत चालत जात आणि परत येत. वेळ टळून जाई.

“द्या ताई, पुढं ठेवतो बरणी. हलणार नाही.”

“नको, माझ्या मांडीवर राहू दे.”

“काच तरी लावा, एसी चालू करतो. शेकून निघाल.”

“उघडीच राहू दे.”

व्हॅन निघाली. तिने दोन्ही हातांनी झाकण दाबून धरले होते.

“बायको काय म्हणाली माहितीये?” कुणाल आरशात बघून हसला. “म्हणे, नीट धर ट्रे. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत प्याले उचलणार आहेस, ते पण न लपवता.” मग त्याने नजर रस्त्यावर आणली. “काकांच्या हातचा रस आहे ताई. मला रात्रभर झोप नाही.”

पुलाचे तोंड आले.

“कुणाल, गाडी बाजूला घे.”

त्याने कडुलिंबाखाली गाडी उभी केली.

“रस आंबलाय. चढेल असा आंबलाय. हा तू धरायचा नाहीस.”

तो आरशातून बघत राहिला. मग दार उघडून उतरला, झपझप दहा पावले चालत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. ती बरणी गाडीतच ठेवून मागे गेली.

“काकांनी घेतली होती?” त्याने न वळता विचारले.

‘नाही’ जिभेवर तयार होते. दोन अक्षरे. त्यात बाबाही वाचत होते आणि हाही.

“मला माहीत नाही. बरणी चार बोटं कमी आहे. कोणी काढली, मला माहीत नाही.”

“नाही म्हणा ना, ताई. एक वेळ खोटं म्हणा. मी त्यांच्याकडं बघून सात महिने काढलेत.”

“म्हणता आलं असतं, तर घरीच म्हटलं असतं.”

शेजारून एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली. कुणालने कठड्यावर अंगठा घासला, थांबला, पुन्हा घासला.

“सोमवारी चार फेऱ्या मारल्या आम्ही,” तो म्हणाला. “रोज एकच मारतो. मी म्हटलं, काका, चालो घरी, आज मला ठीक आहे. तर म्हणाले, मला नाहीये. मला वाटलं, छातीचं म्हणतायत.”

“आणि?”

“आणि काय. चालले. घाम पुसत चालले. घरी गेले तेव्हा साडेनऊ झाले होते.”

त्या सोमवारी बाबा उशिरा आले म्हणून ती जेवणावरून त्यांना बोलली होती.

“ओता,” कुणाल म्हणाला. “मी इकडंच तोंड करतो.”

तिने कडुलिंबाच्या मुळाशी बरणी पालथी केली. काळपट रस भुकटीसारख्या मातीवर फेसाळला आणि बघता बघता मुरला. बराच वेळ येत राहिला. कुणाल पाठमोराच गाडीपर्यंत आला, सीटखालून पाण्याची बाटली काढली आणि हात मागे करून तिच्यापुढे धरली.

“धुवून घ्या. वास राहायला नको.”

चर्चमध्ये गुजराती उपासना सुटत होती. फाटकाशी एका म्हाताऱ्याने हात जोडले, “सलाम बेन. बहु सारा माणस हता, तमारा बापुजी.” बाबांबद्दलच्या त्या चांगल्या शब्दांना तिने मान हलवली आणि मागच्या स्वयंपाकघरात जाऊन मनुका उकळायला टाकल्या. येसूबाई चष्मा सावरत आल्या. फडकी-टेबलक्लॉथ सांभाळण्याचे काम त्यांचे.

“अगं, भिजलेल्या तरी आहेत का? रंग कुठून येणार? चहाचं पाणी दिसतंय हे.”

“असू दे, येसूमावशी.”

येसूबाईंनी रिकाम्या बरणीकडे पाहिले, मग तिच्याकडे. पदराने पातेले धरून त्याच गाळायला लागल्या.

पाळकसाहेब दारात आले. ऐकून घेतले. आवाज खाली आणला. “ताई, मी सांगतो, रस वाटेत सांडला. खोटं पण नाही. ओतलाच ना तुम्ही? काकांचं नाव कशाला…”

तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले, इतके ते दयाळूपणे म्हणाले होते.

“आंबला म्हणून सांगा,” ती म्हणाली. “नाहीतर राहू दे, मीच सांगते.”

उपासनेत तिने उभे राहून सांगितले. “बाबांनी केलेला रस आंबला होता. तो ओतून टाकला. हा आत्ता केलाय, पातळ आहे.” आणि बसली. मागच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणाले, “आंबला? विश्वंभरचा?” दुसऱ्याने नुसते “हं” केले. तिने वळून पाहिले नाही. शेजारची बाबांची जागा रिकामी ठेवली होती. तिथे तिची पर्स होती.

कुणाल वेदीच्या कडेला ट्रे धरून उभा होता. प्याल्यांतला रस इतका फिका होता की तळाची काच दिसत होती.

मंडळी उभी राहिली. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. साठेक माणसांचा आवाज रोजच्या वाटेने सरकत गेला, परीक्षेच्या वाक्याशी आला, ते ओलांडून पुढे निघाला. निरुपमाचे ओठ मिटलेले होते.

मग एक श्वास मागून वेदीच्या बाजूने ते वाक्य आले. एकट्याचा, घोगरा आवाज. त्याबरोबर ट्रेमधले प्याले एकमेकांवर किणकिणत होते.

निरुपमाने डोळे उघडले नाहीत. तीही मागेच राहिली होती. त्याच्याबरोबर तिने ते म्हटले.