अर्ध्या कामाची खुर्ची

मित्रांनो, लगेच तोंड घट्ट मिटू नका! मी दात काढत नाही. मी चिखलीतल्या दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. माझ्या हातांवरचं रेक्झीन जागोजागी फाटलं आहे, पण त्यात माझा काही दोष नाही. सुई दिसली की माझ्यावर बसलेला प्रत्येक शूरवीर मला असा काही आवळतो की विचारू नका. मोठमोठ्या मिशांचे पैलवान इथे आईची आठवण काढतात.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कशी चकचकीत होते! ट्रकमध्ये सामानाच्या खोक्यांत अंग चोरून मी चिखलीला आले. डॉक्टर धम्मशीला तेव्हा नुकत्याच शिकून आल्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. बाई दात पाहणार, म्हणून लोक आधी दारातूनच डोकावून जात. मग विश्वास बसला, आणि बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा मिळेना.

मॅडमची एक रीत होती. कवळी पक्की करण्याआधी तिचे दात मेणात बसवून तोंडात लावून पाहतात. तेव्हा उच्चार तपासायला बाकीचे डॉक्टर आकडे म्हणायला सांगतात; मॅडम मात्र माणसाला घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायला लावत. "एक, दोन तर कोणीबी म्हणते. ज्याईले रोज हाक मारायची, त्याईची नावं नीट आली पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतली कितीतरी घरं मला नावानिशी ठाऊक आहेत. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

वर्षं गेली. वाकून वाकून मॅडमची मान दुखू लागली. हे सर्वांत आधी मला कळलं, कारण काम करताना त्या कोपर माझ्या पाठीवर टेकू लागल्या. त्यांचे यजमान अश्वजित सर म्हणायचे, "धम्मशीला, दवाखाना चालू आहे तवरच कोणाच्या हाती दे. बंद पडल्यावर कोण घेते?"

सर खरं तेच बोलत होते. मागच्या गल्लीतल्या एका वयस्क डॉक्टरांनी हात थरथरू लागले तरी दवाखाना सोडला नाही. माणसं एकेक करून बुलढाण्याची वाट धरू लागली आणि शेवटी विकायला उरलं नुसतं सामान. त्यांचं स्टूल आमच्याकडे आलं. त्यानेच मला ही हकीकत सांगितली.

मॅडमना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी एक अट धरली होती. "कोणाचं काम अर्धं टाकून मी नाही जाणार. सगळ्याईचं पुरं झालं की विकू." ऐकायला किती छान! पण घोडं तिथेच पेंड खात होतं. एकाची कवळी पुरी होईपर्यंत मूळ साफ करायला दुसऱ्याची दाढ उघडलेली असे. दवाखाना घ्यायला दोन डॉक्टर येऊन गेले. "थोडं काम राहिलंय," म्हणून मॅडमनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. असं ते घोंगडं भिजतच पडलं.

मग प्रेरणा आली. ही लोणारकडची तरुण डॉक्टर मॅडमच्या हाताखाली काम करू लागली. दवाखाना घ्यायची तिचीही इच्छा होती.

एके दिवशी खेड्यातल्या बनाबाई मेणाची कवळी लावून माझ्यावर बसल्या होत्या, आणि नेमकी मॅडमची मान आखडली. प्रेरणा पुढे झाली.

"ही पोरगी काऊन?" बनाबाईंनी विचारलं. "तुमीच करा ना."

"माझी मान वळून नाही राह्यली, बनाबाई. मी इथंच बसून आहो."

प्रेरणा म्हणाली, "आजी, एक, दोन म्हणा बरं."

"अवं, इथं नावं घ्यायची असतात!" बनाबाईंनी तिलाच शिकवलं. शालिग्राम झाला, जनका झाली, पण नातवाचं नाव घेताना 'संघर्ष'च्या आधी शिट्टी वाजली. प्रेरणाने पुढचे दात मेणात जरा सरकवले, पुन्हा बसवले. "संघर्ष!" या वेळी नाव स्वच्छ आलं. बनाबाई खुदकन हसल्या. "आता पोट्टं ओ देईन! पुढच्या बाजारी हिच्याच हाती बसवा मले."

मला वाटलं, झालं! पण त्या गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "बनाबाईची कवळी झाली की पाहू."

आता मात्र प्रेरणा हट्टाला पेटली. "मॅडम, तवरोक आणखी कोणीतरी येईन. ही अर्ध्या कामाची माणसं आहेत म्हणूनच तर मी दवाखाना घेऊन राह्यली. रिकाम्या खोल्या काय, गावात ढीगभर आहेत."

मग काय झालं सांगू? मॅडम उठून आल्या आणि चक्क माझ्यावर बसल्या! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. माझे हात त्यांनीही गच्च आवळले बरं का.

"मागची दाढ पाह्य. वर्षभरापासून दुखून राह्यली."

प्रेरणाने सुई देऊन दाढ उघडली, साफ केली, तात्पुरतं सिमेंट भरलं आणि म्हणाली, "सोमवारी या. आज अर्धंच झालं."

मॅडमना हसू फुटलं. बधिर ओठांनी त्यांनी सरांना फोन लावला. "दवाखान्याचे कागद करून टाकू आता. माझंच काम तिच्या हाती अर्धं राह्यलं."

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, हे तुम्हाला गुरुजींनी सांगितलंच असेल. माझं फाटकं रेक्झीनही आता प्रेरणा बदलणार आहे. पण उभ्या केलेल्या कामाचीही निगा राखावी लागते. ते भरात असतानाच चांगल्या हाती द्यावं. सगळं आटोपल्यावर देऊ म्हणाल, तर द्यायला काही उरत नाही.

सोमवारी दवाखान्यात गर्दी होती. प्रेरणाने आतून विचारलं, "आता कोणाचा नंबर?"

बाहेर चपला काढता काढता मॅडम म्हणाल्या, "माझा आहे, डॉक्टर."